गिरडची दगडी फळे

डोंगराच्या पोटात सोन्याची खाण आहे, अमुक टेकडीखाली धन पुरले आहे, अशा दंतकथा गावोगावी ऐकू येतात. त्यांच्या नादी लागून जमीन खणणाऱ्याचा पैसा आणि श्रम बहुधा वायाच जातात. तथापि दंतकथा हसण्यावारी नेणे हेही शहाणपणाचे नव्हे. तिची पारख कशी करावी, हे वर्धा जिल्ह्यातील गिरडच्या टेकडीवरून कळते.

गिरड हे गाव समुद्रपूर तालुक्यात आहे. तेथील टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदू व मुसलमान भाविक तेथे श्रद्धेने जातात. या टेकडीवर लहानमोठे वाटोळे दगड सापडतात. त्यांविषयीची कथा अशी : दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबा फरीदांची थट्टा केली. तेव्हा बाबांनी त्यांच्याजवळचे नारळ व इतर माल यांचे दगड करून टाकले. व्यापारी शरण आले. बाबांना दया आली व त्यांनी वाळलेल्या पानांपासून नवा माल निर्माण करून दिला. ते व्यापारी जन्मभर बाबांच्या सेवेत राहिले. १८७० साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांताच्या गॅझेटिअरात ही कथा नमूद आहे.

भूगर्भशास्त्र या दगडांची उत्पत्ती निराळी सांगते. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून येथे लाव्हारस पसरला. तो निवताना त्यातील वायूंचे बुडबुडे कोंडले गेले व खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे पाण्यात विरघळलेली द्रव्ये त्या पोकळ्यांत साचून झिओलाइट नावाच्या खनिजाचे गोळे बनले. कालांतराने भोवतालचा काळा खडक झिजला आणि गोळे सुटे झाले.

खडकाची जात कळली की सोन्याच्या वदंतेचाही निवाडा करता येतो. कर्नाटकातील कोलारच्या खाणींत २००१ पर्यंत सोने काढले जात असे. परंतु ते अब्जावधी वर्षांच्या जुन्या खडकांतील गारगोटीच्या शिरांत होते. लाव्हारसाच्या काळ्या खडकात तशा सुवर्णशिरा आढळत नाहीत. म्हणून कुदळ उचलण्यापूर्वी पायाखालचा खडक ओळखावा.

तरीही गिरडच्या कथेचे मोल कमी होत नाही. हे दगड इतर दगडांहून वेगळे आहेत, हे ती रचणाऱ्यांनी अचूक हेरले होते. त्यांच्या त्या निरीक्षणापासूनच अभ्यासकाचे काम सुरू होते.

शब्दार्थ : वदंता – लोकांत पसरलेली बातमी. निवाडा – निर्णय.

स्वाध्याय
१. वाटोळे दगड कसे तयार झाले, ते क्रमाने लिहा.
२. कथेतील कोणती गोष्ट प्रत्यक्ष पाहता येते?
३. आपल्या गावची एखादी दंतकथा वडीलधाऱ्यांकडून ऐकून लिहा व तिची पारख कशी कराल, ते सांगा.