जुने चावीचे घड्याळ : विकण्यापूर्वी पारखा

रत्नागिरी जिल्ह्यात मुंबईच्या किंवा आखाती नोकरीच्या कमाईतून घेतलेले फेवर ल्युबा, ओमेगासारखे स्विस घड्याळ अनेक कपाटांत बंद पडून असते. ते मातीमोल भावाने विकू नये, असे आम्ही सुचवितो.

बंद पडण्याचे कारण बहुधा साधे असते. आतील तेल सुकते. आपल्या खाऱ्या, दमट हवेची ओल खुंटीवाटे शिरून पोलादी भाग गंजवते. जाणत्या घड्याळजीकडून सफाई व तेलपाणी करून घ्यावे. मात्र डायल रंगवू देऊ नये आणि केस घासू देऊ नये. मूळ डायलवरच किंमत ठरते. मुंबईच्या बाजारात जुन्या मशीनवर नवी रंगवलेली डायल बसवून घड्याळे विकली जातात. घेणाऱ्याने मागचे झाकण उघडून मशीनवरील नाव डायलशी ताडून पाहावे. सोन्याचे म्हणून सांगितल्यास १८ कॅरटचा छाप शोधावा, नाहीतर तो केवळ मुलामा असू शकतो.

वापरताना चावी रोज ठरावीक वेळी द्यावी, अडताच थांबावे. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा काढून ठेवावा. जुने बिल व डबी सापडल्यास जपावी. विक्रीच्या वेळी तोच पुरावा उपयोगी पडतो.