एक मिळवावा की नाही?

मुलांनो,

शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली की तुम्ही मला विचारता, "गुरुजी, गणिताला काय पाठ करू?" आज त्याचेच उत्तर देणार आहे. पण आधी माझी एक चूक सांगतो. चुका काही फक्त मुलांच्याच होतात असे नाही, गुरुजींच्याही होतात.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या गावच्या शाळेत होतो. शिष्यवृत्तीसाठी मी वर्गातली आठ हुशार मुले निवडली आणि सकाळी शाळेच्या आधी त्यांचा जादा तास सुरू केला. बाकीच्यांना म्हणालो, "तुम्ही आपला नेहमीचा अभ्यास करा." त्या जादा तासाला हे उदाहरण घेतले :

100 मीटर लांबीच्या सरळ बांधावर दर 5 मीटरवर एक रोप लावायचे आहे. दोन्ही टोकांनाही रोप हवे. तर एकूण रोपे किती लागतील?

100 ला 5 ने भागले, 20 आले. त्यात एक मिळवला, 21 झाले. मी फळ्यावर चौकट करून लिहिले : ‘भागाकार करा, एक मिळवा.’ मुलांनी ते घोकून पाठ केले. एक का मिळवायचा, हे कुणी विचारले नाही. मीही सांगितले नाही.

पुढे सराव परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका जास्त होत्या म्हणून सगळ्या वर्गाला वाटल्या. तिच्यात असा प्रश्न होता : एका गोल तळ्याचा काठ 100 मीटर आहे. काठाने दर 5 मीटरवर एक रोप लावले, तर एकूण रोपे किती?

माझ्या आठही मुलांनी 21 लिहिले. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र 20 लिहिले होते. ती जादा तासाला नव्हती. मला वाटले, हिचा एक मिळवायचा राहिला. मी तिला जवळ बोलावून म्हणालो, "अगं, एक मिळवला नाहीस." ती म्हणाली, "न्हाई गुरुजी. मी चिंचोकं मांडून बघितलो. तळं गोल हाय न्हवं? फिरून आलं की पयल्या रोपापाशीच येतंय. तितं आणि दुसरं कुटं लावायचं?"

मी गप्पच झालो. उत्तर तिचेच बरोबर होते. दुसऱ्या दिवसापासून जादा तास सगळ्या वर्गासाठी खुला केला. ती रोज येऊ लागली. पण परीक्षा तोंडावर आली होती. त्या वर्षी ती थोडक्या गुणांनी यादीत येता येता राहिली. तिला तासाला यायला उशीर झाला होता, आणि तो उशीर माझ्यामुळे झाला होता. ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

आता एक का मिळवायचा ते नीट पाहू. मोठी संख्या सोडून द्या. बांध फक्त 10 मीटरचा धरा. 0, 5 आणि 10 मीटरवर रोपे लावा. मधल्या मोकळ्या जागा 2, रोपे 3. म्हणजे भागाकाराने आपल्याला रोपे मिळत नाहीत, रोपांमधल्या मोकळ्या जागा मिळतात. सरळ बांधावर दोन्ही टोकांना रोप असेल, तर जागांपेक्षा रोपे एकाने जास्त होतात. गोल तळ्याभोवती टोकच नसते, म्हणून जागा तितकीच रोपे.

आता तिसरा प्रकार. एका लांब उसाचे 5 तुकडे करायचे आहेत. कोयता किती वेळा चालवावा लागेल? पाच म्हणू नका. एका घावात दोन तुकडे होतात, दोन घावांत तीन. म्हणून पाच तुकड्यांना 4 घाव. इथे तर एक कमी करावा लागला! पाहा, कुठे एक मिळवला, कुठे काहीच नाही, कुठे वजा केला. तीन नियम पाठ केले तर गोंधळ उडणारच. चित्र काढले तर एकही पाठ करावा लागत नाही.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, चित्र काढत बसलो तर वेळ कुठनं आणायचा?" शंका रास्त आहे. शिष्यवृत्तीच्या एका पेपरात 75 प्रश्न आणि वेळ 90 मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. हा वेग सरावानेच येतो, पण समजून केलेल्या सरावाने. घरी एका उदाहरणाला अर्धा तास लागला तरी लागू द्या. तो अर्धा तास परीक्षेत कामी येतो. मोठी झाल्यावर गणित ऑलिंपियाडचे नाव ऐकाल. जगभरच्या मुलांच्या या स्पर्धेत भारत 1989 पासून भाग घेतो. 1996 साली ती आपल्या मुंबईत भरली होती. तिथे दोन दिवसांत मिळून फक्त सहा प्रश्न असतात आणि रोज साडेचार तास मिळतात. म्हणजे एका प्रश्नाला दीड तास! तिथे घोकलेला नियम काय कामाचा?

आपल्या कोल्हापुरात 19 जुलै 1938 रोजी एक मूल जन्मले. तेच पुढे थोर शास्त्रज्ञ जयंत नारळीकर झाले. 2025 साली ते आपल्यातून गेले. त्यांचे बालपण बनारसला गेले. त्यांच्या घरी मुलांसाठी फळा होता. त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्या फळ्यावर जयंतसाठी एक अवघड गणित लिहून ठेवत. जयंतने ते सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत गणित तिथेच राही. मामा उत्तर सांगण्याची घाई करीत नसत. पुढे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत जयंत नारळीकरांनी मोठे यश मिळवले.

मोरूमामा प्रत्येकाला कुठून मिळणार? पण फळा तर आपल्या शाळेलाही आहे. म्हणून या भित्तिपत्रकाची ही चौकट आजपासून सगळ्यांची. हुशार आणि ढ अशी निवड इथे होणार नाही. फक्त चार गोष्टी पाळा :

1. प्रश्न दोनदा वाचा. काय विचारले आहे त्याखाली रेघ ओढा.
2. संख्या मोठी असेल तर आधी लहान घेऊन पाहा.
3. चित्र काढा, नाहीतर चिंचोके मांडा. त्यात लाज कसली?
4. चुकलेले उदाहरण खोडू नका. का चुकले ते शेजारी लिहा.

आता या आठवड्याचे गणित : शाळेच्या घंटेचे 6 ठोके दिले. पहिल्या ठोक्यापासून सहाव्या ठोक्यापर्यंत 10 सेकंद लागले. त्याच वेगाने 12 ठोके दिले, तर पहिल्यापासून बाराव्यापर्यंत किती सेकंद लागतील?

20 सेकंद असे उत्तर आले असेल, तर पुन्हा एकदा उसाकडे बघा. उत्तर आणि ते कसे काढले, दोन्ही कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवा. मी उत्तर सांगणार नाही. कुणीतरी सोडवेपर्यंत हे गणित इथेच राहील.

— तुमचे गुरुजी