फोटोंचं फोल्डर वगळू नकोस

चि. केतकी,

तुझा मेसेज वाचला. फोनवर घाईत उत्तर देण्यासारखा हा विषय नाही, म्हणून सवडीने लिहितोय. लग्नांचे फोटो काढणाऱ्या त्या स्टुडिओच्या साइटवर सुरक्षा-स्कॅन अर्ध्यातच बंद पडतो. फोटो ठेवलेलं अपलोड्सचं फोल्डर वगळलं की मात्र लगेच पूर्ण होतो आणि हिरवी खूण येते. तर वगळून टाकू का, असं तू विचारलंस.

वगळू नकोस. सगळ्या साइटमध्ये तपासायलाच हवं असं एक फोल्डर निवडायला सांगितलं, तर मी हेच निवडेन. वर्डप्रेसच्या मूळ फाइली आणि बहुतेक प्लगइन यांची अस्सल प्रत बाहेर उपलब्ध असते. आपल्या सर्व्हरवरची फाइल त्या प्रतीशी जुळवली की एका अक्षराचाही फरक लपत नाही. फोटोंची अशी अस्सल प्रत बाहेर कुठेच नाही, ती फक्त त्या स्टुडिओच्या हार्ड डिस्कवर आहे. शिवाय रोज नवं काहीतरी लिहायची परवानगी सर्व्हरने याच फोल्डरला दिलेली असते. बाहेरचा माणूस आत शिरला की आपली फाइल ठेवायला त्याला हीच जागा सोयीची वाटते, कारण हजारो फोटोंच्या गर्दीत एक जास्तीची फाइल कोण बघतंय?

हे आधी घडून गेलेलं आहे. तू शाळेत असशील तेव्हा टिमथंब नावाची फोटो लहान करून देणारी एक पीएचपी फाइल असंख्य थीमसोबत यायची. फ्लिकर, ब्लॉगरसारख्या ठरावीक साइटवरूनच चित्रं आणायची असा तिचा नियम होता. पण ती तपासायची एवढंच, की त्या साइटचं नाव पत्त्यात कुठेतरी आहे का. हल्लेखोराने स्वतःच्या डोमेनच्या पुढे ते नाव जोडलं की काम झालं. आणलेली फाइल ती साइटच्याच कॅश फोल्डरमध्ये ठेवायची आणि ते फोल्डर ब्राउझरमधून उघडता यायचं. चित्राच्या नावाने आलेला पीएचपी कोड तिथे बिनदिक्कत चालायचा. ऑगस्ट २०११ मध्ये मार्क मॉन्डर यांनी हे भोक जाहीर केलं, तेही त्यांच्या स्वतःच्या ब्लॉगवर हल्ला झाल्यावर. तू वापरतेस ते वर्डफेन्स पुढे त्यांनीच उभं केलं. म्हणजे ज्या प्लगइनला तू फोटोंचं फोल्डर बघू नको असं सांगायला निघालीस, त्याच्या जन्मामागेच फोटोंच्या फोल्डरातून झालेली घुसखोरी आहे. त्यानंतर २०१३ मध्ये जेपेगच्या एक्झिफ माहितीत दडवलेला कोड सापडला. मे २०१६ मध्ये इमेजमॅजिकमधली इमेजट्रॅजिक नावाने गाजलेली त्रुटी बाहेर आली. तिच्यात तर फोटोवर प्रक्रिया करतानाच सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येत होती.

आता तुझा स्कॅन का अडकतो ते बघू. स्टुडिओवाल्यांना वाटतं आपण एका लग्नाचे ४०० फोटो चढवले. सर्व्हरवर जाऊन मोज. वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या १५०, ३००, ७६८ आणि १०२४ पिक्सेलच्या प्रती बनवतं. ५.३ आवृत्तीपासून त्यात १५३६ आणि २०४८ ची भर पडली. मूळ फोटो फार मोठा असेल तर २५६० ची आणखी एक प्रत निघते आणि मूळ फाइलही तशीच राहते. झाल्या आठ. ४०० फोटोंच्या ३,२०० फाइली, त्याही एका लग्नाच्या. थीमने स्वतःची मापं जोडली असतील किंवा एखाद्या ऑप्टिमायझरने प्रत्येकाची वेबपी प्रत काढली असेल, तर आकडा सहज दुप्पट होतो. एका लग्नसराईत किती लग्नं झाली याचा हिशेब तूच कर. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर एवढा डोंगर उपसायचा तर वेळ, मेमरी किंवा डिस्क यांपैकी काहीतरी आधी संपणारच.

सेटिंग बदलण्याआधी स्कॅन कुठे थांबतो ते नीट बघ. मी तुझ्यावर एक गोष्ट लादणार असेन तर ती हीच. तीन-चार वेळा चालू दे आणि दर वेळी लॉगच्या शेवटच्या ओळी वहीत उतरवून ठेव.

दर वेळी एकाच फाइलपाशी थांबत असेल, तर दोष त्या फाइलीत शोध. कुणीतरी अख्ख्या अल्बमची झिप किंवा भलीमोठी पीएसडी तिथे टाकून ठेवलेली असते. एखाद्या फाइलीची वाचायची परवानगीच बिघडलेली असते. फाइल वेगवेगळी, पण लागलेला वेळ तोच असेल, तर वेळेची मर्यादा आड येते आहे. पीएचपीची मूळ मर्यादा ३० सेकंदांची असते, वेब सर्व्हरची आणखी वेगळी, आणि या दोन्ही होस्टिंगवाल्यांच्या हातात असतात. वर्डफेन्स आपलं काम टप्प्याटप्प्याने करतं आणि प्रत्येक टप्प्याला किती वेळ द्यायचा ते आपण ठरवू शकतो. तिथे २० सेकंद घालून बघ. आकडा वाढवला की काम होईल असं वाटतं, पण इथे उलट आहे. टप्पा लहान असला की सर्व्हरने मान पकडायच्या आत तो संपतो आणि पुढचा सुरू होतो. स्कॅन चांगले तीन तास चालून थांबत असेल, तर वर्डफेन्सची स्वतःची एकूण वेळेची मर्यादा संपलेली असते. तसं लॉगमध्ये लिहूनही येतं.

स्कॅन सुरूच होत नसेल किंवा पहिल्याच टप्प्यानंतर गप्प बसत असेल, तर फोटोंना दोष देऊ नकोस. पुढचा टप्पा सुरू करायला साइटला स्वतःचाच पत्ता उघडून स्वतःलाच हाक मारावी लागते. मध्ये पासवर्डचं कुंपण घातलेलं असेल, किंवा होस्टिंगच्या फायरवॉलने ही हाक अडवली असेल, तर ती पोचत नाही. अशा वेळी स्कॅन दूरच्या सर्व्हरवरून सुरू करण्याचा पर्याय वर्डफेन्समध्ये आहे, तो वापर.

मेमरीचा संदेश तर तू बघितलाच असशील: १३,४२,१७,७२८ बाइट संपल्या. भीतीदायक दिसतो, पण तो सरळ १२८ एमबीचा आकडा आहे, पीएचपीची मूळ मर्यादा. २५६ एमबी मागून घे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेव. स्कॅन फोटो उलगडत नाही, नुसत्या बाइट वाचतो, त्यामुळे एकट्या स्कॅनने मेमरी सहसा संपत नाही. लहान प्रती बनवणारं काम मात्र फोटो पूर्ण उलगडतं. ६००० गुणिले ४००० पिक्सेलचा एक फोटो, पिक्सेलमागे चार बाइट, म्हणजे जवळजवळ दहा कोटी बाइट एकट्या फोटोला. स्टुडिओवाले रात्री अल्बम चढवतात आणि तुझा स्कॅनही रात्रीच लावलेला आहे. प्रत्येक प्रक्रियेची मर्यादा वेगळी असली तरी खात्याला मिळालेली एकूण मेमरी एकच असते. स्कॅन पहाटे चारला नेऊन बघ. माझा अंदाज, निम्मं दुखणं तिथेच थांबेल.

आता वगळण्याबद्दल. काहीच वगळू नकोस असं मी म्हणत नाही. पुन्हा तयार होणारं कॅश फोल्डर (टिमथंबसारखं चित्रांचं नव्हे) आणि बॅकअपच्या झिप खुशाल वगळ, पण नेमका मार्ग लिहून. बॅकअप खरं तर त्याच सर्व्हरवर नसावाच. आणखी एक सेटिंग तपास: चित्रं आणि इतर फाइलीही कोड समजून वाचायच्या, असा पर्याय तिथे असतो. स्टँडर्ड स्कॅनमध्ये तो बंद असतो, हाय सेन्सिटिव्हिटी निवडली की चालू होतो. तुझ्याकडे तो चालू असणार असं मला वाटतं. रोजच्यासाठी तो बंद कर. तो बंद केल्यावर जेपेगचं पोट तपासलं जात नाही, पण फोटोंमध्ये लपलेली पीएचपी फाइल तरीही सापडते. अख्खं फोल्डर वगळलंस तर तीही सापडणार नाही. दोन्हींनी हिरवी खूण येईल, पण एकीला अर्थ आहे, दुसरीला नाही.

शिवाय स्कॅनवरच सगळा भार कशाला? तुला एसएसएच येतं. फाइंड ही कमांड वापरून अपलोड्समध्ये पीएचपी, पीएचटीएमएल, पीएचएआर अशी शेवटं असलेल्या फाइली शोध, आणि एचटीअ‍ॅक्सेसही शोध. फक्त नावं बघायची असल्याने लाखभर फाइलींतही फार वेळ लागत नाही. काही प्लगइन रिकामी इंडेक्स फाइल ठेवतात, ती निरुपद्रवी असते, पण उघडून वाचल्याशिवाय तसं समजू नकोस. मग गेल्या काही दिवसांत बदललेल्या फाइली काढ. त्या काढताना बदलाची तारीख एमटाइमवरून घेऊ नकोस, सीटाइमवरून घे. फाइल जुनी दाखवण्यासाठी एमटाइम मागे सरकवणं कुणालाही जमतं, सीटाइमशी खेळणं तितकं सोपं नाही. मूळ वर्डप्रेस आणि प्लगइन जुळवायला डब्ल्यूपी-सीएलआय आहेच, आणि कमांड लाइनवर पीएचपीला ती ३० सेकंदांची मर्यादाही नसते.

एखाद्या फोटोवर लाल खूण आली तर लगेच डिलीट करू नकोस. लाइटरूममधून निघालेल्या जेपेगमध्ये एक्सएमपीचा मजकूर असतो. त्याची सुरुवात कोनी कंस आणि प्रश्नचिन्हाने होते, आणि पीएचपीचीही तशीच होते. उतावळं स्कॅनर तिथे फसतं. तो फोटो उतरवून घे, स्टुडिओकडून मूळ मागव, दोन्ही शेजारी ठेवून बघ. कुणाच्या तरी लग्नातला तो एकच चांगला फोटो असू शकतो.

आणि हे सगळं करशील तेव्हा अपलोड्समध्ये पीएचपी चालणंच बंद करून टाक. फोटोत दडलेला कोड आपणहून चालत नाही, त्याला चालवणारं कुणीतरी लागतं. ती वाट बंद केली की निम्मी काळजी मिटते. अपाचे असेल तर एचटीअ‍ॅक्सेसमध्ये दोन-तीन ओळींचं काम आहे. एनजिनएक्स मात्र एचटीअ‍ॅक्सेस वाचतच नाही, तिथे होस्टिंगवाल्यांकडून सर्व्हरची सेटिंग बदलून घ्यावी लागेल. ओळी घातल्या म्हणून समाधान मानू नकोस. नुसतं एक वाक्य दाखवणारी पीएचपी फाइल तिथे ठेव, ब्राउझरमध्ये उघड, वाक्य दिसलं नाही तरच कुंपण लागलं असं समज. मग ती फाइल लगेच काढ.

स्टुडिओवाल्यांना महिन्याचा अहवाल पाठवतेस, त्यात या वेळी किती फाइली तपासल्या, कोणतं फोल्डर वगळलं आणि का, हे स्पष्ट लिही. मागच्या महिन्यात हिरवं कळवलंस तेव्हा स्कॅन पूर्ण झाला नव्हता हेही लिही. ते कदाचित विचारतील की मग तेव्हा हिरवं का सांगितलं. विचारू देत. लोकांनी विश्वासाने दिलेले घरचे फोटो त्यांच्याकडे आहेत, आणि त्यांनी ते तुझ्यावर सोपवलेत. त्यांना खरं कळलंच पाहिजे. त्याच अहवालात जुन्या अल्बमांचं काय करायचं तेही विचार. तीन वर्षांपूर्वीची गॅलरी कुणी उघडत नसेल, तर ती साइटवरून उतरवून नीट जपून ठेवता येईल आणि स्कॅनचा डोंगरही कमी होईल.

लॉगच्या शेवटच्या वीस ओळी आणि फाइंडने काय दाखवलं ते मला पाठव. रविवारी सकाळी मी मोकळा आहे, तेव्हा दोघं मिळून बघू. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा