यंत्रांची नावे : क्रम, जागा की ओळख?

वर्गातला हजेरी क्रमांक नावाच्या आद्याक्षरावरून ठरतो. मधेच एखादा नवा विद्यार्थी आला की त्याच्या पुढच्या सर्वांचे क्रमांक सरकतात. विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक मात्र प्रवेशापासून पदवीपर्यंत एकच राहतो. पहिला क्रमांक रांगेतली जागा सांगतो, दुसरा माणूस सांगतो. वाणिज्य शाखेच्या आम्हा विद्यार्थ्यांना हा फरक नवा नाही. खतावणीचे पान बदलले म्हणून खातेदार बदलत नाही. संगणकाच्या कार्यप्रणालीला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला, हाच प्रश्न पडला आणि तो सोडवायला बरीच वर्षे लागली. त्याची ही थोडक्यात हकिगत.

संगणक सुरू होताच कार्यप्रणाली जोडलेली उपकरणे शोधते आणि प्रत्येकाला नाव देते. १९९१ साली जन्मलेल्या लिनक्समध्ये पहिल्या डिस्कचे नाव ‘एसडीए’, दुसरीचे ‘एसडीबी’. त्याचप्रमाणे नेटवर्क कार्डांची नावे ‘इथ०’, ‘इथ१’ अशी पडत. पंगतीत जो आधी बसला त्याचे पान पहिले, असा हा न्याय. पण उपकरणे चालविणारे छोटे प्रोग्राम, ज्यांना ड्रायव्हर म्हणतात, ते एकाच वेळी कामाला लागतात. आज एका कार्डाने आधी उत्तर दिले, उद्या दुसऱ्याने दिले, तर नावांची अदलाबदल होते. यंत्र तेच, तारा त्याच, नावे मात्र उलटी!

यात एवढे काय बिघडले, असे कोणी विचारील. समजा, एका कचेरीच्या संगणकाला दोन कार्डे आहेत. ‘इथ०’ बाहेरच्या इंटरनेटकडे जाते आणि ‘इथ१’ आतल्या कचेरीकडे. बाहेरच्यांना अडविण्याचे नियम या नावांवरच लिहिलेले असतात. नावे उलटली की पहारा आतल्या दारावर बसतो आणि बाहेरचे दार उघडे राहते. नियमांत चूक नसल्याने तक्रारीचा संदेशही येत नाही. डिस्कचे तर विचारूच नका. ‘एसडीबी पुसून टाक’ ही आज्ञा ज्या डिस्कला ते नाव मिळाले असेल तिलाच लागू होते, मग तीत वर्षाचे हिशेब का असेनात.

यावर पहिला उपाय उपकरणाच्या ओळखीचा. २००३ साली लिनक्समध्ये ‘यूडेव्ह’ ही व्यवस्था आली. प्रत्येक नेटवर्क कार्डावर कारखान्यातच एक मॅक पत्ता नोंदलेला असतो. तो पाहून ‘या पत्त्याचे कार्ड म्हणजे इथ०’ अशी टिपणी फाइलमध्ये ठेवता येऊ लागली. सोय झाली खरी. पण कार्ड जळून नवे बसविले की पत्ता नवा. मग त्याला ‘इथ१’ हे नाव मिळे आणि ‘इथ०’ची वाट पाहणारे सारे काम अडून राही.

दुसरा उपाय जागेचा. २०११ साली फेडोरा १५ या लिनक्सच्या आवृत्तीत डेल कंपनीने तयार केलेली एक पद्धत आली. तीत संगणकाच्या मुख्य पाटीवरच्या कार्डाला ‘ईएम१’ असे नाव मिळे. जानेवारी २०१३ मध्ये ‘सिस्टीमडी’च्या १९७ व्या आवृत्तीने हीच कल्पना पुढे नेली. तिच्यातले ‘ईएनपी३एस०’ हे नाव पाहा. ‘ईएन’ म्हणजे ईथरनेट, ‘पी३’ म्हणजे पीसीआय या मार्गांपैकी तिसऱ्या क्रमांकाचा आणि ‘एस०’ म्हणजे त्यावरचा शून्य क्रमांकाचा खाचा. नाव जिभेला जड आहे, पण तो घराचा पत्ता आहे. जळलेले कार्ड काढून त्याच खाचात तसेच दुसरे घातले तर नाव कायम राहते. उणीव एवढीच, की आणखी एखादे यंत्र बसविल्याने मार्गांचे क्रमांक बदलले तर हा पत्ताही बदलतो.

डिस्कसाठी तिसरी वाट आहे. डिस्कच्या विभागावर फाइलींची मांडणी करताना त्यावरच १२८ बिटांचा एक क्रमांक लिहिला जातो. त्याला ‘यूयूआयडी’ म्हणतात. डिस्क दुसऱ्या केबलला लावा किंवा दुसऱ्या संगणकात न्या, क्रमांक तिच्याबरोबर जातो. मात्र डिस्कची हुबेहूब नक्कल केली तर तो क्रमांकही नक्कल होतो आणि एका नावाचे दोन धनी उभे राहतात.

आमच्याकडे बाजारात कांदा म्हणा की उळ्ळागड्डी, पिशवीत पडते ते एकच. एका वस्तूला दोन नावे असली म्हणून व्यवहार अडत नाही. एका नावाच्या दोन वस्तू निघाल्या की घोटाळा होतो. लिनक्सही एकाच डिस्कला क्रमाचे, जागेचे आणि ओळखीचे अशी अनेक नावे एकाच वेळी ठेवू देते. कोणते वापरायचे ते कामावरून ठरवावे. ‘या खाचात जे असेल ते’ हवे असेल तर जागेचे नाव घ्यावे. ‘हीच डिस्क, कुठेही असो’ असे म्हणायचे असेल तर ओळखीचे घ्यावे. क्रमाचे नाव तेवढ्यापुरते ठीक. कायमच्या आज्ञेत ते लिहू नये.

हे फक्त लिनक्सवाल्यांपुरते नाही. मी सुटीत हिशेब लिहायला जातो त्या दुकानात रोज संध्याकाळी खात्यांची प्रत विंडोजमधल्या ‘ई’ ड्राइव्हवर जाण्याची सोय केलेली होती. एकदा कोणाचा तरी पेनड्राइव्ह आधी लागला आणि ‘ई’ हे अक्षर त्याला मिळाले. प्रत गेली ती त्या पेनड्राइव्हवर. पडद्यावर मात्र ‘काम पूर्ण’ असेच उमटले. पुढे त्या प्रतीच्या डिस्कला वर्णमालेच्या शेवटचे ‘झेड’ हे अक्षर नेमून दिले, तेव्हापासून तो गोंधळ थांबला. पेनड्राइव्ह सहसा तिथवर पोहोचत नाहीत.

आपण उद्या बँकेत, कारखान्यात किंवा स्वतःच्या दुकानात संगणकावर विसंबणार आहोत. ‘प्रत घेतली आहे ना?’ एवढे विचारून भागणार नाही. ती कोणत्या नावाच्या डिस्कवर घेतली आणि ते नाव उद्याही तिचेच असेल का, हेही विचारले पाहिजे.