संघ कोणाचा?



गेल्या वर्षी पावसाळा संपण्याच्या सुमारास आपल्या सुदामा नगरातील मुलांच्या एका फुटबॉल-संघात लहानसा तंटा उद्भवला. वस्तीतील एका सद्गृहस्थांनी या मुलांना जर्सी, दोन चेंडू आणि गोलाच्या जाळ्या स्वखर्चाने दिल्या होत्या. महाविद्यालयात शिकणारा एक तरुण मुलांना रोज संध्याकाळी खेळ शिकवीत असे. एका सामन्याच्या आदल्या दिवशी त्या सद्गृहस्थांचा निरोप आला की, आमच्या भाच्यास आघाडीला खेळवावे. तरुणाने नम्रपणे, पण स्पष्ट नकार दिला. दुसऱ्या दिवशी मैदानावर जाळ्या आल्या नाहीत, तरुणही आला नाही, आणि सामना झालाच नाही.

वर्गात अर्थातच दोन पक्ष पडले. एक म्हणे, "पैसा ज्याचा, संघ त्याचा." दुसरा म्हणे, "खेळ ज्याला कळतो, संघ त्याचा." निवाडा आमच्याकडे आला, तेव्हा आम्ही घाईने बोलून गेलो, "ज्याने दिले त्याचे उपकार मानावेत, वाद वाढवू नये." मागील बाकावरून एका मुलीने शांतपणे विचारले, "उपकार मानू. पण मग संघ कोणाचा?" या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्हांस देता आले नाही. पुढे आम्ही जे वाचले, आठवले आणि पडताळून पाहिले, त्याचा सारांश येथे देत आहोत.

गोव्याचे उदाहरण

आमची घरची बोली कोंकणी. त्यामुळे गोव्याच्या संघाची हारजीत हा आमच्या घरात जेवणाच्या पानावरचा विषय असतो. गोव्यात फुटबॉल हा केवळ खेळ नाही. भातकापणी झाली की रिकाम्या शेतांत गावोगावची मुले चेंडू घेऊन उतरतात, आणि गावाचा मान त्या चेंडूबरोबर धावत असतो. अशा प्रदेशात २०१४ साली इंडियन सुपर लीग ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा एफसी गोवा हा नवा संघ निघाला. त्याच्या बोधचिन्हावर गोव्याचा राज्यपशू गवा विराजमान झाला. संघाच्या मालकांत उद्योगपती होते. क्रिकेटपटू विराट कोहली हेही सहमालक झाले. म्हणजे भांडवल काही मोजक्या मंडळींचे, पण नाव साऱ्या गोव्याचे! पुढील वादाचे बीज येथेच होते.

२०१७ साली सर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश प्रशिक्षक या संघास लाभले. बार्सिलोना संघाच्या परंपरेत त्यांची घडण झाली होती. चेंडू आपल्याकडे राखावा, आखूड पास देत पुढे सरकावे आणि बचावापेक्षा चढाईवर भर द्यावा, ही त्यांची पद्धत. गोव्याच्या प्रेक्षकांना ती मनापासून आवडली. २०१८-१९ च्या हंगामात संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला, पण जादा वेळेत बंगळुरूकडून एका गोलाने हरला. लगेच एप्रिल २०१९ मध्ये भुवनेश्वर येथे चेन्नईला २-१ असे हरवून संघाने सुपर कप जिंकला. संघाचे ते पहिलेच विजयचिन्ह होते.

पुढच्या हंगामात साखळीचे १८ पैकी १५ सामने झाले, तेव्हा ३० गुण मिळवून संघ अग्रस्थानी होता. आणि ३१ जानेवारी २०२० रोजी बातमी आली की, लोबेरा यांना निरोप देण्यात आला! चालक आणि प्रशिक्षक यांच्यांत मतभेद झाले होते. तीन सामने उरले असता अग्रस्थानावरील संघाने आपल्या प्रशिक्षकास दूर करावे, याचे साऱ्यांनाच आश्चर्य वाटले.

दोन्ही पक्षांना पुरावे मिळतात

प्रेक्षकांत वाद पेटला. पुढे जे घडले, ते ध्यानपूर्वक पाहावे. कारण या पाठाचा गाभा त्यातच आहे.

गोव्याचेच माजी खेळाडू क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे हंगामी सूत्रे आली. संघाने उरलेले तिन्ही सामने जिंकले: हैदराबादविरुद्ध ४-१, मुंबईविरुद्ध ५-२ आणि १९ फेब्रुवारीस जमशेदपूरविरुद्ध ५-०. एकूण ३९ गुणांसह साखळीतील प्रथम क्रमांकाची ढाल गोव्याने पटकावली, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत प्रवेश मिळवणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. मालकांचा पक्ष म्हणाला, "पाहा, आमचा निर्णय बरोबर होता." दुसऱ्या पक्षाने उत्तर दिले, "संघ तर लोबेरांनीच घडवलेला होता. शिजलेल्या भाताचे झाकण तेवढे दुसऱ्याने काढले!"

त्यानंतर उपांत्य फेरीत दोन सामने मिळून चेन्नईने गोव्याला ६-५ असे हरवले. आता प्रशिक्षकाचा पक्ष म्हणाला, "पाहा, ते असते तर!" लोबेरा पुढे मुंबई सिटी संघाकडे गेले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले मंदार राव देसाई, अहमद जाहू, मुर्तदा फाल आणि ह्यूगो बूमू हे खेळाडूही मुंबईकर झाले. २०२०-२१ च्या हंगामात मुंबईने साखळीची ढाल आणि अंतिम विजेतेपद, दोन्ही मिळवले. उपांत्य फेरीत तर त्यांनी गोव्यालाच पेनल्टींवर हरवले. परंतु एप्रिल २०२१ मध्ये त्याच गोव्याच्या संघाने आशियाई स्पर्धेत तीन सामने बरोबरीत सोडवून भारतीय संघासाठी त्या फेरीतील पहिले गुण मिळवले. म्हणजे दोन्ही तराजू पुन्हा समपातळीवर आले.

इंग्लंडमध्येही असेच घडले होते. ब्रायन क्लफ या प्रशिक्षकाने डर्बी काउंटी संघास १९७२ साली इंग्लंडचे अजिंक्यपद मिळवून दिले. वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवर ते फार सडेतोड बोलत, हे संघाच्या अध्यक्षांना रुचेना. ऑक्टोबर १९७३ मध्ये क्लफ यांनी राजीनामा दिला. चाहते रस्त्यावर उतरले, खेळाडूही संतापले; पण उपयोग झाला नाही. पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्ट या संघाला क्लफ यांनी १९७९ आणि १९८० अशी सलग दोन वर्षे युरोपचे अजिंक्यपद मिळवून दिले. मग डर्बीचे मालक चुकले काय? तसेही ठामपणे म्हणता येत नाही; कारण क्लफ गेल्यानंतर डर्बीने १९७५ साली पुन्हा इंग्लंडचे अजिंक्यपद मिळवले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कोण बरोबर होते, हे केवळ निकालावरून ठरवू गेल्यास वाद कधीच मिटत नाही; कारण प्रत्येक पक्षाला आपापल्या सोयीचा निकाल सापडतो. आणि असे पाहा, अन्यायाने घेतलेल्या निर्णयानंतरही संघ जिंकू शकतो, आणि न्यायाने वागणारा संघही हरू शकतो. म्हणून निवाड्याची कसोटी दुसरीकडे शोधली पाहिजे.

अधिकाराची सीमा

आमच्या मते पहिला प्रश्न असा विचारावा की, ही गोष्ट कोणाच्या अधिकारातील आहे? संघावर किती खर्च करावा, प्रशिक्षक कोण नेमावा आणि त्यास किती काळ ठेवावे, हे चालकांचे क्षेत्र होय. कोणता खेळाडू कोठे खेळेल, चढाई कोणत्या बाजूने होईल, हे प्रशिक्षकाचे क्षेत्र. गोव्याच्या मालकांना प्रशिक्षक बदलण्याचा अधिकार होता, हे लोबेरा यांच्या चाहत्यांनीही मान्य केले पाहिजे. तंटा खरा माजतो तो एकाने दुसऱ्याच्या क्षेत्रात पाऊल टाकले म्हणजे.

याची उत्तम उदाहरणे आपल्या इंदूरच्या माणसाच्या चरित्रातच आहेत. खेळ वेगळा, पण प्रश्न हाच. कर्नल सी. के. नायडू हे मूळचे नागपूरचे. १९२३ साली होळकर दरबारच्या बोलावण्यावरून ते इंदुरास आले. १९३२ साली इंग्लंडला गेलेल्या भारतीय क्रिकेट-संघाचे नेतृत्व पोरबंदरच्या महाराजांकडे होते. परंतु लॉर्ड्स मैदानावरील कसोटीच्या वेळी महाराज स्वतः बाजूस राहिले, आणि नायडू भारताचे पहिले कसोटी-कर्णधार झाले. आपणापेक्षा अधिक जाणणारा मनुष्य समोर आहे, हे महाराजांनी ओळखले. सत्ता असून ती न वापरणे हाही एक मोठेपणाच आहे.

चारच वर्षांनी, १९३६ साली, याच्या अगदी उलट घडले. विजयानगरमचे महाराजकुमार वशिल्याच्या आणि संपत्तीच्या बळावर स्वतःच कर्णधार झाले. संघात गटबाजी माजली. लाला अमरनाथ यांच्यासारखा भरात असलेला खेळाडू पहिल्या कसोटीपूर्वीच मायदेशी परत धाडला गेला. तीनपैकी दोन कसोट्या आपण हरलो. पुढे बोमाँट समितीने चौकशी केली आणि महाराजकुमारांच्या नेतृत्वावर कठोर ठपका ठेवला.

आणि इंदुरात? येथे संघास आश्रय होता होळकर दरबाराचा. मैदानावर शब्द मात्र चाले तो नायडूंचा. या संघाने १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत दहा वेळा रणजी करंडकाचा अंतिम सामना गाठला, आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असा चार वेळा करंडक जिंकला. केवळ निकालावरून काही सिद्ध होत नाही, हे आम्ही वर म्हटलेच आहे. म्हणून या विजयांचे सारे श्रेय त्या व्यवस्थेस आम्ही देत नाही. मुश्ताक अली, चंदू सरवटे यांच्यासारखे गुणी खेळाडू संघात होते, हेही तितकेच खरे. पण दान देणारा हात आणि खेळ चालवणारा हात वेगवेगळे असूनही एका संघात नांदू शकतात, एवढे यावरून नक्की दिसते.

दुसरा प्रश्न रीतीचा. अधिकार असला म्हणजे तो कसाही वापरावा असे नाही. ज्याच्याविषयी निर्णय घ्यावयाचा, त्याच्याशी आधी बोलणे झाले काय? वेळ योग्य निवडली काय? दिलेला शब्द पाळला काय? गोव्याच्या प्रकरणी चाहत्यांच्या मनाला जे लागले, ते प्रशिक्षक बदलल्यापेक्षा हंगामाच्या ऐन शेवटी तो बदलल्यामुळे लागले, असे आम्हांस वाटते.

प्रेक्षकांचे स्थान

राहता राहिला प्रेक्षक. जर्मनीत बहुतेक मोठ्या संघांमध्ये मतांचे बहुमत सभासदांच्या हाती असावे, असा नियम आहे. स्पेनमधील बार्सिलोना आणि रियाल माद्रिद या संघांचे अध्यक्ष सभासद निवडतात. गोव्याच्या प्रेक्षकास असे मत नव्हते. त्याच्यापाशी होता तो केवळ आवाज. पण आवाजालाही वजन असते. मात्र तो शिवीगाळीत विरला नाही, तरच. "मालक चोर आहेत" किंवा "प्रशिक्षक गर्विष्ठ आहे" असे म्हटल्याने कोणाचेच मत पालटत नाही. "हा निर्णय तीन सामन्यांनंतर का घेतला नाही?" असे विचारल्यास मात्र उत्तर द्यावे लागते, किंवा उत्तर न दिल्याचे सर्वांस दिसते.

आपल्या मैदानाकडे परत

हे सारे वर्गात सांगून झाल्यावर आम्ही दोन मुलांना बरोबर घेऊन त्या सद्गृहस्थांकडे गेलो. ते रागावतील अशी आमची कल्पना होती. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "जर्सी घेऊन गेल्यापासून एकही मुलगा या दाराशी आला नाही. सामना कधी, जिंकलात की हरलात, हे मला रस्त्यात कळे. मग मी एकदा काही सांगितले, तर तेवढे मात्र चुकले!" मुलांच्या माना खाली गेल्या. आमचीही गेली, कारण केवळ उपकार मानण्याचा उपदेश करताना हे आम्हांस सुचले नव्हते.

त्या दिवशी ठरले ते एवढेच: प्रत्येक सामन्यानंतर दोघा मुलांनी त्यांना वृत्तांत सांगावा, खर्चाचा हिशेब महिन्याला दाखवावा, आणि मैदानावर कोण उतरेल, हे त्या तरुणानेच ठरवावे. ही शेवटची अट त्यांनी मान्य केली, पण त्यांना ती जड गेली, हे आम्ही पाहिले. भाचा पहिले दोन सामने बाहेरच बसला. तिसऱ्यात उत्तरार्धात खेळला.

निघताना एक मुलगा म्हणाला, "काका, रविवारी आमचा सामना आहे." मग थबकून त्याने आपलीच चूक सुधारली, "आपला सामना आहे." मराठीत 'आमचा' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो; 'आपला' म्हटले की तो आत येतो. हा भेद आम्ही व्याकरणाच्या तासाला कितीदा शिकवला असेल. तो त्या दिवशी त्या दारात मुलांना खरा कळला. मागील बाकावरच्या त्या मुलीस आमचे उशिरा दिलेले उत्तर हेच की, धन्याचे काम धन्याने, प्रशिक्षकाचे प्रशिक्षकाने आणि खेळाडूंचे खेळाडूंनी करावे, आणि तिघांनाही संघाविषयी बोलताना 'आपला' हाच शब्द वापरता यावा.

विचारासाठी प्रश्न

१. गोव्याने उरलेले तिन्ही सामने जिंकले, यावरून मालकांचा निर्णय योग्य ठरतो काय? सकारण लिहा.

२. १९३२ आणि १९३६ या दोन दौऱ्यांतील नेतृत्वाची तुलना करा.

३. आपल्या घरी किंवा शाळेत खर्च एकाचा आणि काम दुसऱ्याचे असे एखादे उदाहरण शोधा. तेथे अधिकाराची सीमा कोठे आहे, ते दोन्ही पक्षांशी बोलून लिहा.