मनाची भरती-ओहोटी आणि म्हातारपण

समुद्राला भरती येते, ओहोटी येते. काही माणसांच्या मनालाही तशीच येते. भरतीत माणूस झोपत नाही. सारखा बोलतो, पैसा उधळतो, भांडणं उकरून काढतो. मग ओहोटी लागते. तोच माणूस कोपरा धरून बसतो. जेवण नको, बोलणं नको, जगणंही नको म्हणतो. डॉक्टर या आजाराला बायपोलर म्हणतात. ही करणी नव्हे, बाधा नव्हे. हा मेंदूचा आजार आहे.

तो बहुधा तरुणपणी जडतो आणि म्हातारपणीही सोबत राहतो. वयाबरोबर मेंदू थोडा मंदावतोच. या आजारात विसरणं, हिशेब चुकणं, लक्ष न लागणं जास्त दिसतं. स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढतो. पण तो सगळ्यांनाच होतो असं नाही. कधी कधी ओहोटीमुळंच आजोबा विसरतात. उपचारानं मन सावरलं, की आठवणही बरीच सुधारते.

आणि साठीनंतर कुणी पहिल्यांदाच असं वागू लागला तर? आपण ‘म्हातारचळ लागला’ म्हणतो आणि हसतो. हे हसणं आम्हांला बरं वाटत नाही. अशा वेळी मेंदूतला रक्तपुरवठा, थायरॉईड, चालू असलेली औषधं, सगळंच डॉक्टरांकडून तपासून घ्यावं.

या आजारावर लिथियम नावाचं औषध आहे. तो एक क्षार. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी 1949 साली त्याचा गुण दाखवून दिला. लिथियम शरीराबाहेर टाकतात मूत्रपिंडं. म्हातारपणी ती हळू चालतात, म्हणून औषध रक्तात साठतं. त्यासाठी वयस्कर माणसाला मात्रा कमी लागते आणि रक्त वेळोवेळी तपासावं लागतं. जुलाब, कडक ऊन, पाण्याविना उपास, यांनीही ते साठतं. दुकानातून आणलेली सांधेदुखीची गोळी तर फार नडते. जेवणातलं मीठही डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम तोडू नये.

हात जास्त थरथरतात, तोल जातो, जीभ जड होते, उलट्या होतात? त्याच दिवशी दवाखाना गाठा. मात्र ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या मनानंच बंद करू नका. भरती पुन्हा येते.

जवळ मनाचा डॉक्टर नसेल, तर 14416 या नंबरावर फोन लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा 2022 साली सुरू झाली. तिला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. घरातलं कुणी ‘जगणं नको’ म्हणत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. फोन लगेच लावा, रात्र असली तरी.