घटक ४ : वेळापत्रकाची भाषा – मुद्रित विमान-वेळापत्रक

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• मुद्रित विमान-वेळापत्रकाची वाटचाल थोडक्यात सांगता येईल.
• वेळापत्रकातील ओळीचे पूर्ण मराठी वाक्यात रूपांतर करता येईल.
• वेळापत्रकात वर्तमानकाळ का येतो, हे स्पष्ट करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीचा विचार करताना आपण अर्ज, इतिवृत्त, जाहिरात यांचा अभ्यास केला. वेळापत्रक मात्र आपण रोज वाचतो आणि तरीही त्याला ‘भाषा’ मानत नाही. रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावच्या विद्यार्थ्याला विमान-वेळापत्रक दूरचे वाटेल. परंतु एस.टी.चा फलक, रेल्वेचे पुस्तक आणि विमान कंपनीची घडीपत्रिका यांचे व्याकरण एकच आहे. शिवाय या गावांचा विमानाच्या वेळेशी एके काळी निकटचा संबंध होता. तो कसा, हे पुढे पाहू.

४.२ ऐतिहासिक वाटचाल

इंग्लंडमध्ये जॉर्ज ब्रॅडशॉ यांनी १८३९ मध्ये रेल्वेची वेळापत्रके एकत्र छापली. विमान कंपन्यांनी तोच साचा पुढे स्वीकारला. भारतात १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे टपालाचे विमान आणले; टपाल पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. लंडनहून इंपीरियल एअरवेजने कराचीला येणारे टपाल पुढे नेणे, हे या सेवेचे काम होते. म्हणजे तिची वेळ स्वतंत्र नव्हती, ती दुसऱ्या सेवेच्या वेळेला जोडलेली होती. ही ‘जोडणी’ हाच वेळापत्रकाचा गाभा होय.

स्वातंत्र्यानंतर विदर्भात याचे ठळक उदाहरण घडले. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि सकाळपर्यंत आपापल्या ठिकाणी परतत. चारांपैकी एकाला उशीर झाला, तर उरलेल्या तिघांचे गणित बिघडे. १ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रे जादा आकाराशिवाय विमानाने नेण्याची योजना लागू झाली. त्यामुळे ज्याने विमान कधी जवळून पाहिले नाही, अशा खेडुताचे पत्रही त्या वेळापत्रकाच्या भरवशावर प्रवास करू लागले.

१ ऑगस्ट १९५३ रोजी हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढील काळात प्रवासी कार्यालयांत मिळणारी छापील पत्रिका हा प्रवासाचा मुख्य आधार ठरला. एकविसाव्या शतकात संगणकीय आरक्षणामुळे बहुतेक कंपन्यांनी ही छपाई थांबवली.

४.३ ओळीचे व्याकरण

पुढील ओळ केवळ नमुन्यासाठी रचली आहे :

मुंबई – नागपूर | १ ३ ५ | ०६.१५ | ०७.४०

येथे क्रियापद नाही, विभक्तिप्रत्यय नाही, अव्ययही नाही. तरीही वाचक अर्थ लावतो : ‘सोमवारी, बुधवारी व शुक्रवारी मुंबईहून सकाळी सहा वाजून पंधरा मिनिटांनी सुटणारे विमान सात वाजून चाळीस मिनिटांनी नागपूरला पोहोचते.’ ‘हून’ आणि ‘ला’ हे प्रत्यय वाक्यात जे काम करतात, ते येथे रकान्याची जागा करते. आठवड्याचे वार १ ते ७ या अंकांनी दाखवतात. १ म्हणजे सोमवार. वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने आणि त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे छापतात. म्हणून परदेशी प्रवासात सुटण्याची वेळ पोहोचण्याच्या वेळेतून वजा केली, तर प्रवासाचा खरा कालावधी मिळत नाही. दोन देशांच्या वेळांतील फरकही हिशेबात घ्यावा लागतो.

४.४ ‘सुटते’ आणि ‘सुटेल’

वरील वाक्यात घटना पुढे घडणार आहे. तरी आपण ‘पोहोचते’ असा साधा वर्तमानकाळ वापरला. स्थानकावर आपण म्हणतो, ‘गाडी सातला सुटते, पण आज साडेसातला सुटेल.’ या एका वाक्यात दोन काळ आहेत. ‘सुटते’ हा नियम आहे, ‘सुटेल’ हा त्या दिवसापुरता अंदाज आहे. वेळापत्रक ‘सुटते’ची भाषा बोलते, म्हणजेच ते वचन देते.

त्याच पत्रिकेच्या तळाशी बारीक टाइपात असते : ‘पूर्वसूचनेशिवाय वेळेत बदल होऊ शकतो.’ हा बदल कोण करणार, हे वाक्यात नाही. कर्ता वगळला की जबाबदारीही धूसर होते. वर दिलेले वचन आणि खाली ठेवलेली पळवाट, दोन्ही एकाच कागदावर असतात. सजग वाचकाने दोन्ही वाचावीत.

छापील कागदाचे मोल येथेच आहे. छापलेली वेळ पुराव्यादाखल हातात राहते. पडद्यावरची वेळ बदलली की जुनी वेळ बहुधा दिसेनाशी होते. सोय वाढली, परंतु दिलेले वचन दाखवून जाब विचारण्याचे प्रवाशाच्या हातातील साधन दुबळे झाले.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘नागपूर – मुंबई | २ ४ | १८.३० | १९.५५’ या नमुना-ओळीचे पूर्ण वाक्य लिहा.
२. ‘सूचनेशिवाय फेरी रद्द केली जाऊ शकते’ या वाक्यात कोणती माहिती वगळली आहे?

४.६ सारांश

वेळापत्रक हा अत्यंत संक्षिप्त, परंतु पूर्ण अर्थाचा मजकूर आहे. त्यात रकाने प्रत्ययांचे काम करतात आणि वर्तमानकाळ वचनाचे. एका सेवेची वेळ दुसरीच्या वेळेला जोडलेली असल्याने ते वचन पाळले जाणे दूरच्या गावालाही महत्त्वाचे असते.

४.७ उत्तरे

१. मंगळवारी व गुरुवारी नागपूरहून सायंकाळी सहा वाजून तीस मिनिटांनी सुटणारे विमान सात वाजून पंचावन्न मिनिटांनी मुंबईला पोहोचते.
२. फेरी रद्द करणारा कर्ता आणि रद्द करण्याचे कारण.

४.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावच्या बसथांब्यावरील वेळा उतरवून घ्या. रिठदच्या विद्यार्थ्याला वाशीममार्गे नागपूरला जाऊन सकाळचे विमान गाठायचे आहे, असे समजून (अथवा आपल्या गावापासून) बस, रेल्वे व विमान यांच्या वेळांची जोडणी करा. प्रत्येक टप्प्यावर किती वेळ राखून ठेवला आणि का, हे पाच वाक्यांत लिहा. एक बस चुकल्यास पुढचे काय काय चुकते, याचीही नोंद करा.